गणपतीला येत नाहीये, आणि कारण फुटबॉल आहे

२७ जुलै २०२५

तीर्थरूप आई-बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

हे फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर आई, तू "बरं बरं, तुला जमेल तसं" म्हणतेस आणि बाबांकडे देतेस. बाबा हवापाण्याचं विचारतात आणि विषय तिथेच मिटतो. म्हणून लिहितेय. गणपतीला मी येत नाहीये. अर्ज करायचा राहिला, रजा नाकारली असं काही नाही. ठरवून येत नाहीये.

ऑफिसचं कारण पुढे केलं असतं तर तुम्हाला चटकन पटलं असतं, आणि ते खोटंही नाही. ऑगस्टअखेर इथे शाळांना सुट्ट्या असतात, पोराबाळांवाले सगळे बाहेरगावी, काम आमच्यासारख्या एकट्यादुकट्यांवर येतं. विमानाच्या तिकिटांबद्दल तर बोलायलाच नको. पण बाबा, तुम्ही दोन प्रश्नांत खरं काढून घेणार, त्यापेक्षा मीच सांगते. मोसम सुरू होतोय. आमचा क्लब एक पायरी वर गेलाय आणि पहिले काही आठवडे मला इथे असायचंय.

आई, लगेच कपाळाला हात लावू नकोस. आधी पूर्ण वाच.

आणि समोरच्या काकूंना पुन्हा एकदा सांग की हे टेनिसचं विम्बल्डन नव्हे. म्हणजे गाव तेच, लंडनमधलं. पण टेनिसवाले दोन आठवडे येतात आणि जातात, उरलेलं वर्षभर जे इथे असतं ते आमचं एएफसी विम्बल्डन. बाबांना २००२ ची कथा तोंडपाठ आहे, तुझ्यासाठी थोडक्यात. जुन्या क्लबने १९८८ साली लिव्हरपूलला १-० हरवून एफए कप, म्हणजे इंग्लंडचा मानाचा चषक, जिंकला होता. पुढे स्वतःचं मैदान गेलं, पैसा आटला, आणि मालकांनी अख्खा क्लब उचलून नव्वदेक किलोमीटरवरच्या मिल्टन कीन्सला न्यायचं ठरवलं. २८ मे २००२ ला तीन जणांच्या समितीने त्याला मंजुरी दिली. इथल्या लोकांनी रडारड केली असेल तेवढी केली, आणि त्याच उन्हाळ्यात नवा क्लब काढला. विम्बल्डन कॉमनच्या गवतावर खेळाडूंची निवड चाचणी घेतली आणि पार नवव्या पायरीपासून सुरुवात केली. नऊ मोसमांत पाच बढत्या मिळवून २०११ मध्ये चौथ्या पायरीवर, म्हणजे फुटबॉल लीगमध्ये आले.

बाबा, तुम्हाला यात खेळापेक्षा घटना आणि नियमावली जास्त आवडली होती, हे मी विसरलेले नाही. क्लबची सूत्रं सभासदांच्या ट्रस्टकडे, आणि सभासद कितीही मोठा असला तरी मत एकच. "म्हणजे आपली पतसंस्थाच की!" असं तुम्ही ओरडलात आणि आईच्या हातातली कढई सुटता सुटता राहिली. अगदी तसंच आहे. वार्षिक सभेत प्रत्येक ठरावावर उभे राहणारे इथेही आहेत. तुम्हाला इथे छान करमेल.

आता या मोसमाकडून मला काय हवंय ते सांगते, म्हणजे तुम्हाला कळेल की मी काही वेड्यासारखी स्वप्नं बघत नाहीये. या तिसऱ्या पायरीवर चोवीस संघ, प्रत्येकाचे ४६ सामने, शेवटचे चार खाली जातात. मला विसावा नंबर हवाय. बस. पन्नासच्या आसपास गुण आणि विसावा नंबर. कोणी म्हणालं की आत्ता कागदावर सही कर, तर मी डोळे मिटून करेन.

मागच्या वेळी या पायरीवर होतो तेव्हाचं मला आठवतं. २०२१-२२ चा मोसम. डिसेंबरनंतर एकही लीग सामना जिंकलो नाही. दर शनिवारी नवी आशा घेऊन जायचं आणि तीच घडी करून परत आणायची. आई, तेव्हा तू विचारायचीस, "आवाज का गं उतरलाय, सर्दी झालीय का?" आणि मी हो म्हणायचे.

यंदा भीती आहेच. समोर कोण कोण आहेत बघा: कार्डिफ, बोल्टन, हडर्सफील्ड, विगन, लूटन. सगळे कधी ना कधी सगळ्यात वरच्या पायरीवर, प्रीमियर लीगमध्ये खेळलेले. त्यांच्या खजिन्यापुढे आमची तिजोरी म्हणजे काय सांगू. पण गेल्या मोसमात आमच्या विभागात सगळ्यात कमी गोल आम्ही खाल्ले, ४६ सामन्यांत ३५. गोलकीपर पोरगा क्रिस्टल पॅलेसकडून उसना आणलेला होता, तो परत गेला, हा घाटा आहेच. पण बचावाची शिस्त एका माणसाची नसते. जॉनी जॅक्सन प्रशिक्षक आहेत तोवर आम्ही ५-० ने हरणारा संघ होणार नाही असं मला वाटतं. १-० ने पुष्कळदा हरू. १-० ने पुष्कळदा जिंकूही, ती तर आमची खासियतच झालीय. बढतीच्या अंतिम सामन्यात वेम्बलीवर वॉल्सलला तसंच हरवलं नाही का!

२६ मेची ती संध्याकाळ आठवली की अजून हसू येतं. मध्यंतराच्या तोंडावर आमच्या हिपोलिटने गोल केला आणि मग अख्खा दुसरा अर्धा भाग जीव मुठीत. शेवटची शिट्टी वाजल्यावर मी तिथल्या कोलाहलातून व्हिडिओ कॉल लावला, तर तुमच्याकडून फक्त पंखा आणि बाबांचं अर्धं कपाळ दिसत होतं, आणि आई मागून विचारत होतीस, "आपले कुठले? निळे ना?" हो आई, निळे आपले. बाबा काही बोललेच नाहीत. नंतर दादाने सांगितलं की बाबांनी उठून ती जुनी हिशेबाची वही आणली आणि रकान्यात लाल शाईने निकाल लिहिला. लाल शाई कशासाठी असते ते आपल्या घरात सगळ्यांना माहीत आहे.

तर येत नाही त्याचं खरं कारण. यंदा मी सामन्याच्या दिवशी स्वयंसेवक म्हणून नाव दिलंय. ज्यांना जिने चढायला, जागा सापडायला मदत लागते त्यांना सोबत करायची. ऑगस्ट-सप्टेंबरात नवीन लोक जास्त येतात, तेव्हाच माणसं कमी पडतात. गेल्या सप्टेंबरात पुरानंतर मैदानाला भगदाड पडलं, न्यूकॅसलशी घरचा सामना त्यांच्या मैदानावर न्यावा लागला, तेव्हा साफसफाईला गेले होते (आणि नंतर खोकला झाला म्हणून तुझं ऐकलंही होतं). तिथून ही सवय लागली.

माझ्या रांगेत एक आजोबा बसतात. जुना क्लब १९७७ साली फुटबॉल लीगमध्ये आला त्याच्याही आधीपासून बघतायत. उजवा गुडघा धरतो त्यांचा, तरी हात धरू देत नाहीत, फक्त कोपर पुढे करतात. मी कोपराला हात लावायचा, त्यांनी तो लावलाय असं मानायचं नाही, असा आमचा करार आहे. त्यांची मुलगी कॅनडात असते. मी तिच्याबद्दल फार विचारत नाही.

बाबा, तुम्हाला वाटेल की दुसऱ्याच्या वडिलांना जिना चढवते आणि आपले वडील मखरासाठी स्टुलावर. हा विचार मला पहिल्याच दिवशी आला, तुम्ही बोलून दाखवायची गरज नाही. तुम्ही बोलणारही नाही, हेच तर अवघड आहे. पण दादा-वहिनी शेजारच्या गल्लीत आहेत म्हणूनच मी इथे निर्धास्त असते, आणि मी रविवारी संध्याकाळी घरात बसून भिंतीकडे बघण्यापेक्षा चार माणसांत असावं असं तुम्हीच म्हणायचात. ती चार माणसं मला इथे सापडलीत. आजारी पडले तर सूप आणून देणारी आहेत. आई, सूप अळणी असतं, पण माणसं चांगली आहेत.

माझी काळजी करू नका. माझी जागा छपराखाली आहे, पाऊस लागत नाही. तू दिलेली राखाडी शाल हिवाळ्यात गुडघ्यांवर असते. सामन्याआधी घरून जेवून निघते, डाळभात का होईना. रात्रीचा सामना असला की एकटी परतत नाही, आम्ही तिघी एकाच बाजूच्या.

आता पुढचं. जानेवारीत मी येतेय, तीन आठवडे. तिकीट काढलंय. संक्रांतीला तिथे असेन. त्यात काही सामने बुडतील, बुडू देत. गणपतीत पाच दिवस पाहुण्यांच्या गर्दीत तुम्ही मला धड दिसतही नाही. जानेवारीत निवांत दुपारी असतात, आणि एक कामही आहे: बाबांचा मोतीबिंदू. दिवाळीनंतर बघू, थंडी सरल्यावर बघू, हे आता पुरे. जानेवारीत, मी असताना, उजवा डोळा. डॉक्टरांची वेळ दादाने डिसेंबरातच घ्यायची. थेंब घालायला मी आहे, तुम्ही चालढकल केलीत तर डोळे वटारायलाही मी आहे.

कारण एप्रिलमध्ये तुम्ही दोघं इकडे येताय. मोसम मेच्या सुरुवातीला संपतो, तोपर्यंत थंडीही ओसरलेली असते. व्हिसाचे कागद मी बघते, तुम्ही फक्त फोटो काढून ठेवा, आणि बाबा, दाढी करून. मैदानावर टॅक्सीने जाऊ, चालायला लावणार नाही. खुर्च्यांना पाठ आहे. आईला कंटाळा आला तर मध्यंतराला घरी परतू, अर्थात निकालाची टांगणी असेल तर आईच उठणार नाही, मला माहीत आहे. मी लहान असताना कॅरमच्या शेवटच्या डावाला भात करपायचा तो कोणामुळे?

बाबा, मोबाईलवर तुम्हाला चेंडू दिसत नाही हे मला कळलंय. तुम्ही आवाजावरून ओळखता आणि "हां, वाचलं!" असं एक क्षण उशिरा म्हणता. एप्रिलमध्ये चेंडू दिसला पाहिजे. शेवटच्या सामन्यांत आम्ही वाचतोय की बुडतोय हे ठरणार असेल, आणि ते तुम्ही माझ्या शेजारी बसून बघावं, एवढीच माझी या मोसमाकडून दुसरी मागणी आहे. खरं तर पहिली.

सूचना, नीट वाचा. मखर दादाने लावायचं. बाबांनी खाली उभं राहून चुका काढायच्या, स्टुलाला हातसुद्धा लावायचा नाही, गेल्या वर्षीचा प्रकार पुन्हा नको. आई, एकवीस मोदक म्हणजे एकवीस. आल्यागेल्यासाठी विकत आण, बाप्पा रागावत नाही. जमिनीवर बसून उकड मळायची नाही, ओट्यापाशी खुर्ची घे. रक्तदाबाच्या गोळ्या वारांच्या डबीतच राहू देत, पुरणाच्या दिवशी "आज एक दिवस" करून साखरेची गोळी चुकवू नका दोघांनीही. आरतीला मला कॉल लावा, फोन आडवा धरून, पंख्याकडे नाही. मी ऑफिसात असेन, पण टाळ्या वाजवेन, लोक बघतील तर बघू देत.

आई, तू रुसली असशील तर सरळ सांग. तुझं "जमेल तसं" मला रुसव्यापेक्षा जास्त लागतं. माझ्या वाटचा मोदक वहिनीच्या धाकट्याला दे, तो तसाही माझाच चोरायचा.

पहिला सामना शुक्रवारी, १ ऑगस्टला, लूटनच्या मैदानावर. २०११ मध्ये ज्यांना पेनल्टीवर हरवून आपण लीगमध्ये आलो तेच लूटन. मधल्या काळात ते प्रीमियर लीगपर्यंत जाऊन सलग दोनदा घसरून आपल्यापाशी आलेत, त्यामुळे चिडलेले असणार. एक गुण मिळाला तरी मी पेढे वाटेन. इथे रात्री आठ म्हणजे तुमच्याकडे साडेबारा वाजून जाणार, तेव्हा बाबा, जागायचं नाही. खरंच नाही. लपूनही नाही, दादाला मी सांगून ठेवलंय. वहीत तारीख आणि "लूटन, बाहेर" एवढं लिहून रकाना मोकळा सोडा. सकाळी चहाच्या वेळी मी फोन करते आणि आकडा सांगते, शाई कुठली ते तुम्ही ठरवा.

तुमची,
ठकी