एमजीबी विकायला काढली, त्याबद्दल

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

पत्र मिळालं. माझी एमजीबी, म्हणजे ही जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार, पत्र्याचं आणि इंजिनाचं काम करून बिनरंगाची, अर्धवटच विकायला काढली, त्यावर "रंग तेवढा मारून घे आणि मग वीक, दुप्पट येतील," असं तू लिहिलंस. येतीलही, पण रंग, कापडी हूड, सीटचं अस्तर, क्रोम आणि नवं वायरिंग मिळून ती वाढ गिळून वर ढेकर देतील. एमजीबी काही दुर्मिळ गाडी नाही रे. 1962 ते 1980 ती बनत होती, बंद छताच्या जीटीसकट पाच लाखांवर निघाल्या. सुटे भाग आजही नवे मिळतात, म्हणून दुरुस्ती जमते. आणि गाड्या मुबलक, म्हणून तयार गाडीचा भाव एका मर्यादेपलीकडे चढत नाही. शिवाय खरं सांगू? मला गोडी होती पत्र्याची आणि इंजिनाची. ती कामं झाली. अस्तर शिवून घेण्यात मला कवडीचा रस नाही.

रंग न मारण्याचं दुसरं कारण जास्त वजनदार आहे. या गाडीला वेगळी चासी नाही, बॉडी हाच सांगाडा. त्यात उघडी गाडी, म्हणजे छताचाही आधार नाही. सगळी भिस्त दरवाज्यांखालच्या दोन सिलवर. सिल म्हणजे नुसता एक पत्रा नव्हे. आतला पत्रा, बाहेरचा पत्रा, मध्ये उभा पडदा आणि खाली आधाराची पट्टी. गंज लागतो तो आतून. बरेच जण कुजलेल्या सिलवर नवा पत्रा चढवतात, लांबी (पुट्टी) भरतात, रंग मारतात आणि मोकळे होतात. म्हणूनच अर्धवट गाडीवर चकचकीत रंग दिसला की जाणता माणूस बिचकतो.

जुनं सिल कापण्याआधी मी दरवाज्यांच्या चौकटीत लोखंडी पाइप वेल्ड करून बॉडी जखडली होती. ते केलं नाही तर गाडी मध्येच खचते आणि दार लागायचं नाव घेत नाही. बाहेरचा पत्रा बसल्यावर आतलं काहीच दिसत नाही, म्हणून त्याआधी प्रत्येक सांध्याचे फोटो काढून ठेवलेत. तेच माझं भांडवल. बघायला येणाऱ्याला सांगतो, दाराची फट वरपासून खालपर्यंत बघा आणि येताना चुंबक आणा. लांबी जाड असेल तिथे तो धरत नाही.

भाग सुटे करून विकायचा सल्लाही मिळाला. इंजिन, गिअरबॉक्स, तारांची चाकं हातोहात जातील, पण मग ती बॉडी कोण नेणार? भंगारवालाच. ते मला बघवणार नाही.

जाहिरातीत सगळ्यात वर मी काय आहे ते नाही, काय नाही ते लिहिलंय: हूडची कमान नाही, डॅशबोर्डवरची दोन मीटर नाहीत, इंजिन मूळचं नाही. कागद माझ्या नावावर आहेत, चासी नंबर जुळतो. एवढं वाचूनही एकाने विचारलं, "थोडंसंच काम राहिलंय ना?" त्याला मी दारातूनच निरोप दिला. 'थोडंसं' म्हणणारा माणूस गाडी नेतो आणि ताडपत्रीखाली घालून विसरतो. दुसरा आला तो नमस्कार करायच्या आधीच टॉर्च घेऊन गाडीखाली आडवा झाला. त्याला चटई दिली. बाहेर आल्यावर त्याने प्लग काढून इंजिन हाताने फिरवून पाहिलं, सांध्यांचे फोटो मागितले आणि भावात घासाघीस सुरू केली. फार कमी मागतोय, पण बहुधा त्यालाच देईन.

आता तुझं काम. इंजिनासाठी पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या एसयू कार्ब्युरेटरची जोडी साफ करायला तू नेलीस ती लगेच पाठव. दोन्ही वेगवेगळ्या डब्यांत, आणि खुणा करून. पिस्टन आणि त्याच्यावरचं भांडं यांची जोडी ठरलेली असते. अदलाबदल झाली तर पिस्टन अडकतो आणि गाडी घेणारा बिचारा ट्यूनिंग करत बसेल. दोन्ही एकाच पिशवीत घालायची तुझी सवय मला माहीत आहे.

तुझा,
पत्र्यातला मित्र