गाळ काढताना देवभात जाऊ देऊ नका

महोदय,

घोटीजवळ आमची भातशेती आहे. गेल्या उन्हाळ्यात शेजारच्या एका गावात तळ्याचा गाळ काढला, कडेने दगडी पिचिंग (दगडांचे अस्तर) झाले, बाके बसली. पाणी वाढले याचा आनंद मलाही आहे. पण त्या तळ्याच्या उथळ कडेला पिढ्यान् पिढ्या आपोआप उगवणारा देवभात जेसीबीच्या दोन दिवसांच्या कामात गाळाबरोबर ट्रॉलीत भरून गेला. कोणी हळहळले नाही, कारण लोक त्याला गवतच समजतात. म्हणून हे पत्र लिहितो आहे.

देवभात म्हणजे न पेरता आपोआप उगवणारा रानभात. ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचे खायचे नसते, म्हणून आजी हा भात जपून ठेवायची. दव असताना पहाटेच गुडघाभर पाण्यात शिरून ती लोंब्या टोपलीत झटकायची, कारण ऊन चढले की दाणे पाण्यात झडून जातात. लांब कुसळ, तांबडा दाणा आणि मिळायचा तो जेमतेम वाटीभर. शास्त्रज्ञांनी १९६५ मध्ये याच गोतातल्या एका रानभाताला नाव दिले, ते आपल्या ‘नीवार’ या जुन्या शब्दावरूनच: ओरायझा निवारा.

या निवाराने काय केले, ते प्रत्येक भात उत्पादकाला ठाऊक असावे. १९७० च्या दशकात तपकिरी तुडतुड्यांनी पसरवलेल्या एका विषाणूने भारतापासून इंडोनेशियापर्यंत भात खुजा करून टाकला. त्या झाडांना लोंबीच धरत नव्हती. फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने सहा हजारांहून अधिक नमुने तपासले. या रोगाला दाद न देणारा नमुना एकच निघाला, उत्तर प्रदेशातल्या गोंडा भागातून आणलेला रानभात. डॉ. गुरदेव खुश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा लागवडीच्या भाताशी संकर केला आणि १९७६ मध्ये ‘आयआर ३६’ हा वाण आला. पुढे तो आशियात सुमारे एक कोटी दहा लाख हेक्टरवर पिकला. खाण्याजोगा दाणाही धड हाती न देणाऱ्या गवताने एवढ्या शेतकऱ्यांचे पीक राखले!

हे काम सोपे नसते. रानभाताशी संकर केला की रोगाला तोंड देण्याच्या ताकदीबरोबर दाणे झडणे, कुसळ, आडवे पडणे हे सगळे दोषही उतरतात. मग त्या संततीचा चांगल्या वाणाशी पुन्हा संकर, त्यातून निवड, परत संकर, अशी वर्षे जातात. आता जनुक ओळखण्याच्या खुणांमुळे रोप लहान असतानाच कळते, की हवा तो गुण त्यात आला आहे की नाही. पाने कडेने वाळवणाऱ्या कडा करपा या रोगाला अडवणारे एक्सए २१ हे जनुक आफ्रिकेतल्या माली देशातल्या रानभातातले. हैदराबादच्या संशोधकांनी आणखी दोन जनुकांसह ते सांबा मसुरी या भातवाणात आणले आणि २००८ मध्ये सुधारित वाण दिला. बाहेरून जनुक घुसवण्याचा यात प्रश्नच नाही, कारण हा संकर परागकणांनी होतो. गेल्या खरिपात माझ्या इंद्रायणी भाताची पाने कडेने पांढरी पडत गेली, तेव्हा हे सारे मला फार जवळचे वाटले.

नाशिकच्या द्राक्ष बागायतदारांना हे वेगळे सांगायला नको. आपल्या कितीतरी बागा डॉगरिज खुंटावर (ज्यावर द्राक्षाचे कलम करतात त्या मुळावर) उभ्या आहेत आणि डॉगरिज ही मुळात अमेरिकेतली रानटी वेल. खारे पाणी, पाण्याची ओढ ती सोसते, म्हणून वर कलम केलेली थॉमसन द्राक्षाची वेल तग धरते. द्राक्षाला जे रानातून मिळाले, ते भातालाही मिळू शकते. शिवाय भाताचे रानटी भाऊबंद परदेशातून मागवावे लागत नाहीत, ते आपल्या गावतळ्यात आहेत.

बियाणे शीतगृहात ठेवले की झाले, असे काही जण म्हणतात. बियाणे तिथे ठेवलेच पाहिजे. राज्याच्या जनुक कोश प्रकल्पाला २०२२ मध्ये मंत्रिमंडळाने मान्यता दिली, हेही चांगले झाले. पण शीतगृहातला दाणा जसा ठेवला तसाच राहतो. तळ्यातला देवभात दर पावसाळ्यात नव्या किडीशी, नव्या रोगाशी झगडतो आणि बदलत जातो. वर सांगितलेल्या विषाणूनेही १९८० च्या दशकात रूप पालटले आणि जुनी प्रतिकारशक्ती तोकडी पडली. तेव्हा कामाला येते ती अशी जिवंत झाडे. नांदूर मध्यमेश्वरला पाणथळ जागांसाठीचा आंतरराष्ट्रीय रामसर दर्जा मिळाला, पण गावोगावच्या लहान तळ्यांना वाली नाही.

खाचरात देवभात शिरला तर तो उपटावाच लागतो, त्यात दुमत नाही. माझे म्हणणे तळ्यापुरते आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असायला हवी. इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, पेठ, सुरगाणा या भाताच्या तालुक्यांत या नोंदवहीत देवभात कोणत्या तळ्यात आहे, एवढी एक ओळ यावी. गाळ काढण्याचा ठराव होईल तेव्हा ती ओळ वाचली जावी आणि तळ्याची एक उथळ कड पिचिंगविना तशीच सोडावी. त्याला जादा खर्च येत नाही. इगतपुरीच्या कृषी संशोधन केंद्रानेही लोंब्या गोळा करून नमुने जतन करावेत.

आमच्या शिवारातल्या तळ्यात देवभात अजून आहे. आवणी (भाताची लावणी) उरकली की तो पाण्याच्या वर दिसू लागतो आणि पुढे लोंब्या धरतो. नोंद करायला कोणी आले, तर जागा दाखवायला मी स्वतः बरोबर येईन.

– एक भात उत्पादक शेतकरी, ता. इगतपुरी, जि. नाशिक