जिन्यात बसून नखं पुसणाऱ्या मुलीस

चि. मुलीस अनेक आशीर्वाद.

नाव लिहू नका असं तू बजावलंस, म्हणून नुसतं मुलीस. मेडिकलच्या काउंटरमागे उभी राहून माझ्या बीपीच्या गोळ्या काढून देणारी तू, एवढी खूण तुला पुरे. रविवारी जे झालं ते सांगायला सोमवारी दुकानात आलो होतो, पण गर्दी होती आणि माझा गळाही धड नव्हता. पत्रात माणूस निदान रडताना दिसत नाही.

बुंदी माझा नव्हे, नातवाचा. गालांवर बुंदीचे दाणे चिकटल्यासारखे दोन केशरी ठिपके, म्हणून हे नाव. मुलगा आणि सून नातवाला घेऊन मेलबर्नला गेले आणि पिंजरा माझ्या गॅलरीत राहिला. बुंदी कॉकटेल, म्हणजे कॉकटिएल जातीचा तुरेवाला पक्षी, आणि हे पक्षी मूळचे ऑस्ट्रेलियाचे. म्हणजे नातू याच्या मुलखात गेला आणि हा आमच्या मिरजेत अडकला. दर रविवारी फोनवर पोराचा एकच प्रश्न, ‘आजोबा, तो तुमच्या हातावर बसतो का?’ आणि दर रविवारी मी तिथल्या थंडीची चौकशी करायचो.

तुझ्याआधी एक जाणकार म्हणवणारा येऊन गेला होता, हे तुला ठाऊक आहे. लाल रबरी हातमोजे चढवून त्यानं पिंजऱ्यात हात घातला, बुंदीला मुठीत आवळलं, पंखांची पिसं कापली आणि पैसे मोजून घेतले. जाता जाता सल्ला दिला, दोन दिवस उपाशी ठेवा, झक मारत हातावर येईल. शंभर ग्रॅमसुद्धा भरणार नाही असा जीव, आणि दोन दिवस उपाशी! मी मूर्खासारखा अर्धा दिवस दाण्याची वाटी काढूनही ठेवली होती. हे तुला आजवर सांगितलं नव्हतं. ज्या दुकानातून बुंदीला आणलं होतं तिथं गेलो, तर मालक म्हणाला, हा परत करा, खरा पोपट देतो, महिन्यात बोलायला लागेल. आपल्याकडचे पोपट पाळणं 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे. त्यालाही ते माहीत असणार, कारण ‘खरा पोपट’ म्हणताना त्यानं आवाज खाली केला.

मग एका संध्याकाळी गोळ्या घेताना मी सहज तुझ्याजवळ रडगाणं गायलं. ‘आमच्या घरी तीन कॉकटेल आहेत सर, बघून जाते,’ म्हणालीस आणि खरंच आलीस.

पिंजऱ्याजवळ जाताच बुंदीनं तुरा मागे चपटा केला, चोच उघडली आणि सापासारखा फुत्कारला. तू लगेच दोन पावलं मागे सरलीस. मला विचारलंस, ‘त्या माणसाच्या हातात काय होतं?’ मी म्हटलं, लाल मोजे. तू स्वतःच्या नखांकडे पाहिलंस आणि एक शब्द न बोलता दार ओढून निघून गेलीस. मी मनात म्हटलं, झालं, हीही गेली.

दहा-बारा मिनिटांनी केराचा डबा ठेवायला दार उघडलं, तर तू जिन्याच्या पायरीवर बसलेली. खालून दुकानातून कापूस आणि नेलपॉलिश काढायची बाटली आणली होतीस आणि एकेक नख पुसत होतीस. हातावर ताजी मेंदी, आणि मांडीवर लाल डागांचे कापसाचे बोळे. मी म्हटलं, अगं आत तरी बस. ‘नको सर, या वासाचा पक्ष्यांना फार त्रास होतो.’ मग आत येऊन दोनदा साबणानं हात धुतलेस, वास गेला का ते स्वतः हुंगून पाहिलंस आणि पिंजऱ्याकडे पाठ करून जमिनीवर बसलीस. त्याच रात्री तुला मैत्रिणीच्या हळदीला जायचं होतं, हे मला आठवड्यानं कळलं, तेही तुझ्या आईकडून.

त्या लाल रंगालाच तो बिचकत होता की नुसत्या हाताला, कोण जाणे. तुलाही खात्री नव्हती. नुसत्या शंकेपोटी तू ती नखं पुसलीस, आणि मला तेच विसरता येत नाही.

मागे म्हैसाळच्या रस्त्यावर मेंढरांचा कळप आडवा आला होता, तेव्हा एका एसटीच्या ड्रायव्हरनं हॉर्न न वाजवता इंजिनच बंद केलं आणि हात बांधून बसून राहिला. गाडीत ओरडणाऱ्यांत मीच पुढे होतो, शाळा गाठायची होती ना! तो ड्रायव्हर मला इतक्या वर्षांनी तुझ्या त्या पायरीवर आठवला. अशी माणसं मोजकी असतात असं आपण म्हणतो. मला वाटतं, असतात बरीच, आपण तेव्हा घड्याळात बघत असतो.

बाकी शिकवणी तुला माहीतच आहे. आईस्क्रीमच्या काडीला चोच लावली की बटणाचं बॉलपेन टिक, आणि लगेच राळ्याचा दाणा. ‘सर, तुम्ही वहीवर बरोबरची खूण करायचात ना, ही तशीच, फक्त ऐकू येणारी,’ असं तू म्हणालीस तेव्हा मी हसलो, पण आतून चरकलो. डीएडला बक्षिसानं सवय लावायचं हेच शास्त्र, साधक अभिसंधान, प्रबलन, स्किनरची कबुतरं, सगळं घोकून पेपर लिहिला होता. मार्कही चांगले पडले होते. आणि नंतर तीस वर्षं वर्गात मात्र छडी. आता हातात काडी धरली की एक पाखरू आपणहून धावत येतं. माझ्या वर्गात काडी दिसली की पोरं मागच्या बाकाकडे सरकायची.

त्यानं मान फिरवली की तू ‘बरं, नको तर नको’ म्हणून काडी खाली ठेवायचीस. पाच मिनिटं झाली की तो रंगात आला असला तरी बंद. आणि पेन चुकून वाजलं तरी दाणा द्यायचाच, कारण शब्द दिला म्हणजे दिला. हा नियम मी मोडलेला नाही.

कापलेली पिसं झडून नवी आली आहेत. ती कापायची नाहीत, हेही लक्षात आहे.

आता रविवारचं. फोन कपाटाला टेकवून ठेवला. नातवानं नेहमीचा प्रश्न विचारायच्या आत मी पिंजऱ्याचं दार उघडून बोट पुढे केलं. बुंदी मान वाकडी करून क्षणभर बघत राहिला, मग एक पाय ठेवला, मग दुसरा. मी त्याला टेबलावर उतरवलं, काडी गोल फिरवली, आणि त्या पठ्ठ्यानं पूर्ण गिरकी घेतली. टिक. तिकडे पोराचा आवाजच बंद. सुनेनं विचारलं, नेट गेलं का? मग तो म्हणाला, ‘आजोबा, पेन परत वाजवा ना.’

मी वाजवलं. वाटीतला दाणा संपला होता, म्हणून पोराला तसंच थांबवून स्वयंपाकघरात डबा आणायला पळालो.

तुझे,
सर