हस्ताक्षर ओळखणाऱ्या तुमच्या ॲपला 'ऱ्ह' वाचता येत नाही आणि तुमची माणसं माझ्याच अक्षराला नावं ठेवतात

आत्ताच तुमच्या हेल्पलाइनचा फोन ठेवला, महिन्याभरातला पाचवा. आता यापुढे फोन करणार नाही म्हणून थेट तुम्हाला लिहितोय.

माझं लग्नपत्रिका छपाईचं दुकान आहे. आधी लोक मजकूर वहीच्या कागदावर लिहून आणायचे आणि आम्ही बघून टाईप करायचो, त्यात नावं चुकायची, प्रूफ दोनदा काढावं लागायचं. म्हणून टॅब आणि पेन घेतला, तुमचं ॲप घेतलं, वर्षाचे २,४९९ रुपये आधीच भरले, कारण तुमच्या जाहिरातीत मराठी ठळक अक्षरात लिहिलंय. गिऱ्हाईक समोर बसून स्वतःच्या हातानं नावं लिहील आणि तीच छापली जातील, एवढीच अपेक्षा होती.

पहिल्याच आठवड्यात कऱ्हाडचं एक कुटुंब आलं. मुलीच्या वडलांनी टॅबवर 'कऱ्हाड' लिहिलं, ॲपनं 'कर्हाड' केलं. परत लिहिलं, 'कन्हाड'. तिसऱ्यांदा त्यांनी अगदी सावकाश, शाळेतल्या पोरासारखं लिहिलं तर 'कहाड'. त्या माणसाला स्वतःच्या गावाचं नाव तीनदा लिहायला लागलं आणि शेवटी ते म्हणाले, राहू द्या, कागद द्या. मला फार लाज वाटली. मराठी पत्रिकेत गोऱ्हे आहेत, कुऱ्हाडे आहेत, वऱ्हाडी मंडळी आहेत, हा ऱ्ह आणि ऱ्य टाळून पत्रिका होत नाही. दऱ्या म्हणजे डोंगरातल्या आणि दर्या म्हणजे समुद्र, हे दोन वेगळे शब्द आहेत. युनिकोडमध्ये त्या ऱ साठी वेगळं अक्षर दिलेलं आहे, म्हणजे कॉम्प्युटरला ते जमत नाही असंही नाही.

दुसरं, रेघ. आपण शब्द आधी लिहितो आणि वरची रेघ शेवटी ओढतो, अनुस्वारही शेवटीच देतो, लहानपणापासून हात तसाच बसलाय. तुमचं ॲप पेन जरा उचललं की शब्द टाकून मोकळं होतं, आणि मागून आलेली रेघ डॅश म्हणून घेतं. 'स्नेहांकित' लिहिलं की 'स्नेहाकित-' येतं. 'चि. सौ. कां.' मधला 'कां' तर एकदाही नीट आला नाही. थांबायचा वेळ वाढवायची सेटिंग कुठंच नाही. पेन कुठून कुठे फिरलं आणि कोणती रेघ आधी आली यावरच हे सगळं चालतं हे तुम्हाला माहीतच असणार, मग देवनागरीत रेघ मागून येते एवढं बनवताना कुणीच कसं बघितलं नाही?

शेवटी मी आमच्या नेहमीच्या मजकुरातले वीस शब्द घेतले आणि तुमच्या ॲपमध्ये आणि फोनमधल्या फुकटच्या कीबोर्डवर, दोन्हीकडे त्याच पेनानं लिहिले. तुमच्याकडे नऊ बरोबर, फुकटच्याकडे सोळा. तोही 'गोऱ्हे' ला अडखळला, पण खाली पर्यायात दाखवला तरी, बोट लावलं की काम झालं. तुमच्याकडे पर्यायच येत नाही, खोडा आणि परत लिहा. गूगलनं २०१५ मध्ये हातानं लिहायचं ॲप काढलं तेव्हा त्यात ८२ भाषा होत्या आणि फुकट होतं. इतक्या वर्षांनी पैसे घेऊन तुम्ही हे देताय?

आता आजचा फोन. बावीस मिनिटं थांबल्यावर एक जण आला, म्हणाला, 'सर लैंग्वेज हिंदी कर लीजिए, स्क्रिप्ट तो सेम ही है.' मी त्याला सांगितलं, बाबा, ऱ्ह मराठीचा आहे, आपला ल आणि श सुद्धा वेगळा लिहितात, २००९ साली महाराष्ट्र शासनानं त्याचा जीआर काढलाय. त्यानं साहेबांना जोडलं. साहेब मराठी बोलणारे, मला बरं वाटलं. तर ते म्हणाले अक्षराचा फोटो पाठवा. फोटोत पेन कसं फिरलं ते दिसतं का? तरी पाठवला, लाइनवरच थांबलो. दोन मिनिटांनी म्हणतात, 'तुमचं अक्षर थोडं सुधारावं लागेल, सर.' मी अकरा वर्षं बोर्ड पेंटरच्या हाताखाली अक्षरं काढली आहेत. दुकानांच्या पाट्या रंगवल्या आहेत ज्या रस्त्याच्या पलीकडून वाचता येतात. मी गप्पच झालो. मग ते म्हणाले, 'नाहीतर कस्टमरला टाईप करायला सांगा ना.' अहो टाईपच करायचं तर तुमचं ॲप कशाला घेतलं? एवढं बोलेपर्यंत फोन कट, आणि लगेच मेसेज, तुमची तक्रार सोडवण्यात आली आहे. काय सोडवलं? कऱ्हाड अजून कर्हाडच येतंय, मी मेसेज वाचल्यावर परत लिहून बघितलं.

अक्षराला नावं ठेवलेली मी विसरणार नाही. ॲप चुकतं ते एक वेळ समजू शकतो, पण माणसाला त्याचाच हात वाईट म्हणून सांगणं चालणार नाही. आमच्या गल्लीतल्या दोन छपाईवाल्यांना तुमचं ॲप मीच सांगितलं होतं, आज त्यांना जाऊन सांगतोय की घेऊ नका.

उरलेल्या नऊ महिन्यांचे पैसे परत करा आणि बंद केलेली तक्रार परत उघडा. पंधरा दिवसांत पैसे आले नाहीत तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवीन आणि मग ग्राहक आयोगात जाईन, पाचही फोनच्या तारखा, ते वीस शब्द आणि त्यांचे स्क्रीनशॉट माझ्याकडे आहेत. आणि उत्तर द्याल तेव्हा मराठीत लिहा, त्यात 'कऱ्हाड' बरोबर लिहिलेलं असू द्या.