मुलींच्या बास्केटबॉल संघाला विद्यार्थिनी मॅनेजर हवी

माननीय संपादक महोदय,

स. न. वि. वि.

शालेय बास्केटबॉल स्पर्धांचा हंगाम तोंडावर आला आहे. शाळांमध्ये संघनिवड सुरू होईल, जन्मतारखेचे दाखले गोळा होतील, प्रवेशिका भरल्या जातील आणि त्यावर ‘व्यवस्थापक’ म्हणून अगदी शेवटच्या क्षणी एखाद्या शिक्षिकेचे नाव लिहिले जाईल. मुलींच्या संघाबरोबर एक शिक्षिका असलीच पाहिजे, याबद्दल दुमत असण्याचे कारण नाही. परंतु अनेक शाळांत क्रीडाशिक्षक एकच असतो आणि तो बहुधा पुरुष असतो. मग मराठी किंवा भूगोल शिकवणाऱ्या बाईंना आदल्या दिवशी सांगितले जाते की, उद्या मुलींबरोबर तुम्ही जायचे आहे. त्या बिचाऱ्या तपासायच्या वह्या पिशवीत घालून येतात, मुलींची काळजी मनापासून घेतात, पण मैदानावर काय चालले आहे हे त्यांना कळत नाही आणि कळावे अशी अपेक्षाही कोणी ठेवत नाही. मॅनेजरचे खरे काम मात्र अडून राहत नाही. ते संघातलीच एखादी मुलगी, कोणी न सांगता, करत असते. या मुलीला शाळेने रीतसर पद द्यावे, एवढ्यासाठीच हा पत्रप्रपंच.

मी अनेक वर्षे नागपुरात शाळेच्या मुलींचे संघ घेऊन स्पर्धांना गेले आहे, त्यामुळे हे काम किती बारकाईचे असते ते जवळून पाहिले आहे. बास्केटबॉलमध्ये पाच फाउल झाले की खेळाडू बाहेर जाते; एका क्वार्टरमध्ये, म्हणजे सामन्याच्या चार भागांपैकी एका भागात, संघाचे चार फाउल भरले की त्यापुढच्या फाउलला बहुतेक वेळा प्रतिस्पर्ध्यांना दोन फ्री थ्रो, म्हणजे कोणी न अडवता बास्केटवर चेंडू टाकण्याच्या संधी, मिळतात; पहिल्या हाफमध्ये दोन आणि दुसऱ्या हाफमध्ये तीन, एवढेच टाइमआउट हाती असतात. खेळाच्या भरात प्रशिक्षकाचे लक्ष बचावाकडे असते, हिशेबाकडे नसते. अशा वेळी बाकावर वही घेऊन बसलेली मुलगी हलकेच सांगते, ‘सर, सात नंबरचे चार झाले.’ तेवढ्या एका वाक्यावर बदली खेळाडू उठते आणि संघाची सर्वांत भरवशाची मुलगी शेवटच्या पाच मिनिटांसाठी शिल्लक राहते. माझ्या एका संघातली आठवीची मुलगी सामन्याचे गुणपत्रक अधिकृत पद्धतीने लिहायला शिकली होती. साध्या बास्केटला तिरपी रेघ, फ्री थ्रोला भरीव ठिपका, तीन गुणांच्या बास्केटला खेळाडूच्या क्रमांकाभोवती वर्तुळ, पहिला आणि तिसरा क्वार्टर लाल शाईत, बाकीचे निळ्या किंवा काळ्या शाईत. एका सामन्यात गुण आणि वेळ नोंदणाऱ्या अधिकाऱ्यांच्या टेबलवर एक फाउल चुकीच्या क्रमांकावर नोंदला गेला, तेव्हा तिच्या वहीमुळेच तो वेळेत लक्षात आला आणि पंचांनी दुरुस्त करून घेतला. सामना संपल्यावर खेळलेल्या मुलींना प्रमाणपत्रे मिळाली, पण तिचे नाव बारा जणींच्या यादीत नसल्याने तिला कसलाच कागद मिळाला नाही.

मुलींच्या संघात या पदाची गरज अधिक आहे, असे मी म्हणते त्याला आणखी कारणे आहेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातील १५ ते १९ वयोगटातल्या सुमारे ५९ टक्के मुलींना रक्तक्षय असल्याचे आढळले. आपल्या संघांतल्या मुली याच वयाच्या. कोण उपाशी आली आहे, कोणाला चक्कर येते आहे, कोणाची पाळी सुरू आहे आणि मैदानाजवळ कपडे बदलायला धड जागा आहे की नाही, हे मुली पुरुष प्रशिक्षकाला सांगत नाहीत. अनोळखी बाईंनाही सांगायला लाजतात. बरोबरीच्या मुलीला सांगतात. तिच्याकडून ते शिक्षिकेपर्यंत आणि गरज पडल्यास डॉक्टरांपर्यंत पोहोचण्याची वाट तयार असेल, तर कितीतरी मुलींचे अंगावर काढणे थांबेल.

दुसरी गोष्ट गुडघ्याची. उडी मारून उतरताना किंवा धावता धावता एकदम वळताना गुडघ्यातील एसीएल हा अस्थिबंध फाटण्याचा धोका या वयात मुलांपेक्षा मुलींना बराच जास्त असतो, हे वैद्यकशास्त्रात आता सर्वमान्य आहे. योग्य वॉर्मअप नियमित केला तर हा धोका कमी होतो, हेही सिद्ध झाले आहे. मात्र तो वॉर्मअप रोज, न चुकता आणि नीट होतो आहे ना, हे पाहणारे कोणीतरी लागते. आणि एवढे करूनही जिला दुखापत होते, तिचे काय? शस्त्रक्रिया झालेली मुलगी अनेक महिने खेळू शकत नाही. आजच्या व्यवस्थेत ती त्याच दिवशी संघातून बाहेर पडते आणि बहुतेकदा परत येत नाही. दहावीचे वर्ष म्हणून घरच्यांनी सराव बंद केलेल्या मुलींचेही तेच होते. मला या मुलींची सर्वांत जास्त हळहळ वाटते, कारण खेळाची समज त्यांच्यात पुरती मुरलेली असते. त्यांना मॅनेजर म्हणून संघाशी बांधून ठेवता येईल. पुढे त्यांच्यातूनच पंच, टेबल अधिकारी, प्रशिक्षक तयार होतील.

अमेरिकेतील हायस्कूलमध्ये विद्यार्थी मॅनेजर ही जुनी प्रथा आहे; संघाच्या छायाचित्रातही खेळाडूंच्या शेजारी मॅनेजर उभ्या असतात. जपानी शाळांतही हे पद आहे, पण तिथे मुलांच्या बेसबॉल संघांत मुलींनी मॅनेजर व्हायचे आणि खाण्यापिण्याची, कपडे धुण्याची कामे करायची, असा पायंडा पडला. तो आपल्याला अजिबात नको. पाण्याच्या बाटल्या प्रत्येक खेळाडूने स्वतः भराव्यात, चेंडूंची जाळी आळीपाळीने उचलावी. मॅनेजरने वही, वेळ आणि माणसे सांभाळावीत.

माझी मागणी मर्यादित आहे. क्रीडा खात्याने शालेय स्पर्धांच्या प्रवेशिकेत शिक्षिका-व्यवस्थापकाचे नाव कायम ठेवून त्याखाली विद्यार्थिनी मॅनेजरसाठी एक रकाना वाढवावा, तिला बाकावर बसण्याची परवानगी द्यावी आणि सहभागाचे प्रमाणपत्र द्यावे. दहावी-बारावीला खेळाडूंना मिळणारे सवलतीचे गुण मात्र मी तिच्यासाठी मागत नाही. गुण जोडले की या जागेसाठी पालकांची शिफारसपत्रे सुरू होतील आणि जिला खेळाची ओढ आहे तीच मागे पडेल.

खात्याचा निर्णय होईपर्यंत शाळांनी थांबायचे कारण नाही. संघनिवडीच्या दिवशीच बारा खेळाडूंबरोबर तेरावे नाव मॅनेजर म्हणून जाहीर करावे, त्या मुलीलाही संघाचा टी-शर्ट द्यावा, गुणपत्रक लिहायला शिकवावे आणि शाळेच्या सूचनाफलकावर तिचे नाव खेळाडूंच्या यादीतच लावावे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त क्रीडाशिक्षिका, नागपूर