मोबाइल म्हणजे चिलखत नव्हे

महोदय,
खिशातल्या मोबाइलने गोळी अडवल्याचा युक्रेनच्या सैनिकाचा व्हिडिओ २०२२मध्ये बराच फिरला. तेव्हापासून ‘फोन छातीशी ठेवा’ हा सल्लाही फिरतो. एके-४७ची ७.६२ मिमी गोळी नळीतून सेकंदाला सुमारे ७१५ मीटर वेगाने, साधारण २००० ज्यूल ऊर्जा घेऊन निघते. काच-ॲल्युमिनियमचा आठेक मिलिमीटरचा थर तिच्यापुढे पापडच. गोळी लांबून दमून आली, भिंतीवर आपटून उडाली किंवा तिरपी लागली, तर फोन तारूही शकतो. बुलेटप्रूफ जॅकेटात कडक सिरॅमिकची पाटी गोळी फोडते, मागचा पॉलिथिलीनचा थर तुकडे झेलतो. फोनमध्ये उलट लिथियम बॅटरी भोसकली जाऊन आतल्या आत शॉर्ट होते आणि पेटू शकते, तेही छातीवर!

– एक वाचक, देवळाली कॅम्प, नाशिक