होळीच्या आधी ये

मोर्शी तालुका,
१२ जानेवारी

प्रिय दोस्ता,

फोनवर तू "सगळं बरं आहे ना?" विचारतोस, मी "हो" म्हणतो आणि विषय तिथेच संपतो. म्हणून लिहायला बसलो. दोन्ही पिल्लं जिवंत आहेत, हे आधी वाच.

गणपतीत तू क्रेस्टेड गेकोची, म्हणजे त्या परदेशी पालींची, जोडी ठेवून गेलास, तेव्हा दोन मोठे जीव सांभाळायचे एवढंच ठरलं होतं. दसऱ्याच्या सुमारास मादीने कोकोपीटच्या डब्यात दोन अंडी पुरली. तू सांगितलंस तशी वरच्या बाजूला पेन्सिलीने खूण केली आणि अंडी फिरू दिली नाहीत. कोकोपीट मुठीत दाबलं तर गोळा व्हावा, पण थेंब गळू नये, इतकंच ओलं ठेवलं. संत्र्याची कलमं लावणाऱ्या हाताला तो अंदाज असतोच. ७५ व्या दिवशी सकाळी अंड्यावर घाम फुटल्यासारखे थेंब आले. दुपारी चीर पडली आणि त्यातून नुसतं डोकं बाहेर येऊन थांबलं. पार संध्याकाळपर्यंत! मला वाटलं अडकलं, बोट पुढे गेलं होतं, पण आवरलं. दिवे लागणीला ते आपसूक निघालं. दुसरं, दुसऱ्या दिवशी.

वजन दोन ग्रॅमसुद्धा नाही रे. बाहेर आल्यावर पहिलं काम काय, तर अंगावरची कात तोंडाने ओढून खाणं. हातमोजा काढावा तशी पायाची कात निघाली. पुढचे चार दिवस मात्र दोघांनी अन्नाला तोंड लावलं नाही. पोटात अंड्यातला बलक असतो, सुरुवातीला खात नाहीत, हे ठाऊक असूनही मला झोप नव्हती. पाचव्या रात्री टॉर्चच्या उजेडात पाहिलं, तर बाटलीच्या झाकणातली, पाण्यात कालवलेली त्यांच्या खाद्याची पावडर चाटलेली, मधोमध जिभेची बारीक रेघ.

आता रोज संध्याकाळी पाणी फवारतो. भांड्यातलं पाणी ते पीत नाहीत, पानावरचा थेंब चाटतात. डोळ्याला पापणी नाही, म्हणून त्याच जिभेने डोळाही पुसतात. आई रोज ते बघायला येते. किडे मी शेतातले देत नाही. पराटीवर फवारणी झालेली, तिथला नाकतोडा या एवढ्याशा जिवाच्या पोटात कसा घालू? तू पाठवलेले छोटे रातकिडेच देतो, पिल्लाच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठे नाहीत असे, कॅल्शियमची भुकटी लावून.

एक वाईट झालं, ते लपवत नाही. मागच्या रविवारी मी घाईत झाकण उघडलं. धाकटं झाकणाच्या कडेलाच चिकटून बसलं होतं. दचकलं आणि शेपूट टाकून पळालं. ते शेपूट टिश्यूवर कितीतरी वेळ वळवळत होतं. आई म्हणाली, "आपल्या भिंतीवरच्या पालीले तं नवं शेपूट येते ना रे, याले नाही येत?" नाही येत. यांचं गेलं ते गेलंच. जखम कोरडी आहे, खातंय नीट, पण तो डबा उघडताना माझा हात अजून थबकतो. दोघांना आता वेगळे डबे केलेत.

थंडीचं निभावतंय. रात्री पारा १२-१३ वर येतो, तेव्हा डबे थर्माकोलच्या खोक्यात ठेवून शेजारी कोमट पाण्याच्या बाटल्या लावतो. आत २२ अंश राहतं. माझी खरी काळजी पुढची आहे. हा न्यू कॅलेडोनियाच्या दमट जंगलातला प्राणी. नामशेष झाला असं समजत होते, तो १९९४ मध्ये पुन्हा सापडला. त्याला २८ अंशांच्या वर उष्णता झेपत नाही आणि आपल्याकडे मे महिन्यात ४५. मातीचं माजघर थंड म्हणतो आपण, ते आपल्यासाठी थंड. कूलर लावीन, पण दुपारी लाइन गेली तर? दोन तासांत खेळ खल्लास. मी इथे सावलीत कलमं जगवतो, तरी वैशाखात काही जातातच. ही पिल्लं मला तशी मोजायची नाहीत.

म्हणून होळीच्या आधी ये. तुझ्या पुण्याच्या फ्लॅटमध्ये एसी आहे, चौघांनाही घेऊन जा. एक ठेवून घ्यावं असं मनात फार येतं, पण नको. रात्रीच्या गाडीने ने, दिवसा नको. प्रत्येकाला वेगळा डबा, आत ओला टिश्यू. पिल्लांना मोठ्यांजवळ चुकूनही ठेवू नकोस, खाऊन टाकतील. बिनशेपटीचं उजव्या डब्यात असेल. त्याचं झाकण सावकाश उघड, आधी कडेला बघ.

आईने तुझ्यासाठी तिळाचे लाडू वेगळे काढून ठेवलेत.

तुझाच,
नर्सरीवाला